झेपो मार्क्स: विनोदी नटापासून क्लॅम्पच्या कारखान्यापर्यंत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेली नऊ वर्षे आपण विनोदी एकपात्री कार्यक्रम करत आहात, आता मावसभावाच्या चाकणच्या वर्कशॉपमध्ये भागीदार म्हणून जाण्याचा विचार आहे. तेव्हा एखाद्या विनोदी नटाने रंगमंच सोडून उत्पादनाच्या धंद्यात खरोखर काही करून दाखवल्याचे उदाहरण आहे का, आणि अशा माणसाला धंद्यात कोणी गांभीर्याने घेते का, हे आपल्याला हवे आहे. मी यांत्रिक अभियंता आहे. भोसरीत एकोणतीस वर्षे सायलेन्सरचे आणि टर्बोचार्जरचे क्लॅम्प, म्हणजे नळ्या जोडून आवळणारे पट्टे, बनवण्यात गेली आहेत, आणि त्याआधी महाविद्यालयात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांत दोन वर्षे हवालदार, पोस्टमन अशा भूमिका केल्या आहेत. त्यामुळे या प्रश्नाचे जे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते ते माझ्या रोजच्या कामाच्या टेबलावरच पडलेले असते. ते उदाहरण म्हणजे अमेरिकेतील मार्क्स बंधू या विनोदी नटांच्या संचातला सर्वांत धाकटा, झेपो मार्क्स.

त्याचे मूळ नाव हर्बर्ट. जन्म २५ फेब्रुवारी १९०१ रोजी न्यूयॉर्कमध्ये, स्थलांतरित ज्यू कुटुंबात. वडील शिंपीकाम करीत, पण घर चालवण्याची खरी सूत्रे आई मिनीकडे होती, आणि मिनीने ठरवले होते की मुले रंगमंचावर जाणार. तिचा भाऊ अल शीन हा वॉडेव्हिलमधला नावाजलेला विनोदी नट होता. वॉडेव्हिल म्हणजे गाणे, नाच, कसरती, विनोदी प्रवेश यांचा एकाच तिकिटातला मिश्र कार्यक्रम. गावोगाव आगगाडीने फिरायचे आणि दिवसाला अनेक खेळ करायचे, असे ते जीवन होते. चिको, हार्पो, ग्रूचो आणि गमो हे चार थोरले भाऊ त्यात आधीच ओढले गेले होते. कुटुंब शिकागोला राहायला गेल्यानंतर वाढलेला हर्बर्ट मात्र मोटारींच्या यंत्रात रमणारा, हाताला तेल लागलेला पोरगा होता. १९१८ मध्ये गमो सैन्यात गेला, चौघांच्या संचात एक जागा रिकामी झाली, आणि मिनीने सतरा वर्षांच्या या मुलाला त्या जागेवर उभे केले. त्याला विचारण्याचा प्रश्न त्या घरात येत नव्हता.

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे असे मला वाटते. झेपोची गोष्ट बहुतेक ठिकाणी 'विनोदी नट उद्योजक झाला' अशा थाटात सांगितली जाते आणि त्यात चमत्काराचा रंग भरला जातो. मी ती उलट वाचतो. मेकॅनिक होऊ घातलेला एक मुलगा सोळा वर्षे रंगमंचावर अडकून पडला आणि नंतर आपल्या मूळ आवडीकडे परतला, एवढेच त्यात घडले. मात्र त्या सोळा वर्षांनी त्याला जे शिकवले ते त्याने परतताना बरोबर नेले.

रंगमंचावर त्याच्या वाट्याला काय आले तेही पाहण्यासारखे आहे. ग्रूचोकडे रंगवलेली मिशी, चिरूट आणि तिरकस बोलणे होते; हार्पो मुका, वीणेसारखे हार्प वाजवणारा; चिको इटालियन उच्चारांची नक्कल करणारा आणि पियानोवर बोटे नाचवणारा. ही तिन्ही सोंगे आधीच वाटली गेली होती. झेपोला उरले ते नीटनेटक्या कपड्यांतल्या देखण्या तरुणाचे, म्हणजे गाणे म्हणणाऱ्या प्रियकराचे किंवा ग्रूचोच्या सेक्रेटरीचे काम. १९२४, १९२५ आणि १९२८ मध्ये ब्रॉडवेवर त्यांची तीन यशस्वी नाटके आली, आणि १९२९ ते १९३३ या काळात पॅरामाउंट स्टुडिओसाठी पाच चित्रपट झाले. 'अॅनिमल क्रॅकर्स'मध्ये ग्रूचो त्याला एक पत्र सांगतो आणि झेपो ते लिहून घेतो, असा प्रवेश आहे. पत्र वाचून दाखवताना कळते की मालकाने सांगितलेला मधला सगळा मजकूर सेक्रेटरीने बिनमहत्त्वाचा वाटला म्हणून गाळला आहे. लोक ग्रूचोला हसतात, पण तो प्रवेश झेपोच्या निर्विकार चेहऱ्यावर उभा आहे. ज्याने कधी सहकलाकाराला चेंडू उचलून देण्याचे काम केले असेल त्याला त्यातली मेहनत कळेल; टाळी दुसऱ्याला मिळते, आणि आपली वेळ चुकली तर मात्र दोष आपल्यालाच लागतो.

'अॅनिमल क्रॅकर्स' चित्रपटाआधी नाटक होते; त्याच्या दौऱ्यात शिकागोत ग्रूचोला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जावे लागले तेव्हा झेपोने मिशी रंगवून ग्रूचोची भूमिका केली, आणि ती प्रेक्षकांना खटकली नाही. म्हणजे त्याच्यात विनोद होता. पडद्यामागे तोच सर्वांत मिस्कील होता, असे त्याला जवळून ओळखणारे सांगत आले आहेत. पण संचात चौथ्या विनोदी नटाला जागा नव्हती आणि भावांच्या मिळकतीत बरोबरीचा वाटाही नव्हता. थोरल्या तिघांत हिस्से होत आणि झेपोला पगार मिळे. १९३३ चा 'डक सूप' हा त्याचा शेवटचा चित्रपट ठरला. १९३४ मध्ये त्याने ग्रूचोला पत्र लिहून आपण बाहेर पडत असल्याचे कळवले. दुसऱ्याच्या विनोदाला टेकू देण्याचा आपल्याला कंटाळा आला आहे, असा त्याचा आशय होता.

आता धंद्याकडे येतो. पुढचे पाऊल त्याने कारखान्यात टाकले नाही, हे आपण विशेष लक्षात घ्यावे. बाहेर पडल्यावर तो नटांचा एजंट झाला. आधी एका चालू एजन्सीत शिरला आणि मग स्वतःची उभी केली. गमोही पुढे त्याच्याबरोबर आला. (गमो सैन्यातून परतल्यावर रंगमंचाकडे फिरकलाच नव्हता, तो कपड्यांच्या व्यापारात गेला होता. पाच भावांपैकी दोघे व्यापारी निघाले, तेव्हा ही काही एकट्या झेपोची लहर नव्हती.) एजंटाचे काम म्हणजे नटाच्या वतीने स्टुडिओशी मानधन, श्रेय, तारखा आणि शर्ती यांची घासाघीस करणे. सोळा वर्षे करारांच्या दुसऱ्या बाजूला बसून, तेही कमी वाट्याचा मानकरी म्हणून, त्याने जे पाहिले होते ते इथे थेट उपयोगी पडले. ज्याला स्वतःला कमी मिळाले आहे तो माणूस दुसऱ्यासाठी चांगला भांडतो, असा माझाही अनुभव आहे. बार्बरा स्टॅनविकसारखी आघाडीची अभिनेत्री त्याच्याकडे होती. १९३८ च्या 'रूम सर्व्हिस' चित्रपटासाठी भावांचा आर.के.ओ. स्टुडिओशी करार झाला तोही त्यानेच जमवला. पगारावर ठेवलेला धाकटा भाऊ आता थोरल्यांचा भाव ठरवत होता.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्याने स्टॅनविकबरोबर लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात शर्यतीच्या घोड्यांची पैदास करण्यासाठी मारविक नावाचे फार्म काढले. आडनावांचे दोन तुकडे जोडून केलेले हे नाव आहे. या उद्योगाबद्दल मला फारसे सांगायचे नाही. एवढेच, की हाती आलेला पैसा एका जागी ठेवणे त्याच्या स्वभावात नव्हते. तो मोठ्या रकमांचा जुगारी होता आणि आयुष्यभर राहिला. त्याला आदर्श म्हणून भिंतीवर लावू नये, यासाठी हे मुद्दाम लिहिले.

कारखाना आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला इंगलवूड नावाचे गाव आहे. तिथेच नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनचा विमान कारखाना होता, सांता मोनिकात डग्लस, हॉथॉर्नला नॉर्थ्रॉप आणि उत्तरेकडे बरबँकला लॉकहीड. या सगळ्या कारखान्यांना युद्धाच्या मागणीपायी सुटे भाग बनवणारी लहान वर्कशॉपे अपुरी पडत होती. झेपोने इंगलवूडला मारमन प्रॉडक्ट्स नावाची कंपनी उभी केली आणि यंत्रांवर विमानांचे सुटे भाग काढायला सुरुवात केली. चाकणला मोठे वाहन कारखाने आल्यावर आजूबाजूला जशी शेकडो शेडे उभी राहिली, तसाच तो प्रकार होता. गिऱ्हाईक दाराशी होते आणि झेपोला यंत्राची भाषा येत होती. स्वतःचा माल म्हणून त्याने जे पुढे आणले ते क्लॅम्प आजही 'मारमन क्लॅम्प' या नावाने ओळखले जातात.

हा क्लॅम्प काय करतो ते नीट सांगितल्याशिवाय झेपोच्या धंद्यातली हुशारी समजणार नाही. दोन नळ्या तोंडाला तोंड लावून जोडायच्या असतील तर नेहमीची पद्धत म्हणजे दोन्ही टोकांना फ्लँज म्हणजे कडेची चकती ठेवायची, तिला गोलाकार भोके पाडायची आणि आठ, बारा, सोळा बोल्ट आवळायचे. विमानात हे जड होते, जागा खाते, आणि उघडायला वेळ लागतो. मारमन पद्धतीत फ्लँजच्या मागच्या बाजू उतरत्या ठेवतात, त्यांच्यावर आतून इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी घळ असलेले दोन-तीन तुकडे बसतात, आणि त्या तुकड्यांभोवती एक पोलादी पट्टी असते जी एकाच टी-बोल्टने (इंग्रजी 'टी'च्या आकाराच्या बोल्टने) आवळली जाते. पट्टी आवळली की तुकडे केंद्राकडे दाबले जातात, आणि घळीच्या उतारामुळे तोच दाब पाचरीसारखा काम करून दोन्ही फ्लँज एकमेकींवर घट्ट बसवतो.

आकड्यांत सांगायचे तर घळीचा एकूण कोन ४० अंश, पट्टीतला ताण १० किलोन्यूटन (साधारण एक टन वजनाएवढा) आणि घर्षण गुणांक, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवर किती अडतात तो आकडा, ०.१५ धरला तर फ्लँजना एकत्र दाबणारे बल सुमारे ५८ किलोन्यूटन येते. म्हणजे एका बोल्टच्या ताणाच्या जवळजवळ सहापट. मात्र पृष्ठभाग कोरडा, खरबरीत असेल आणि घर्षण गुणांक ०.३० पर्यंत चढला, तर तेच बल ४२ किलोन्यूटनवर उतरते. हा हिशोब ताण सगळ्या परिघावर सारखा आहे असे धरून केला आहे, आणि प्रत्यक्षात तो तसा नसतो. बोल्टजवळ जास्त आणि समोरच्या बाजूला कमी असतो. म्हणूनच आमच्याकडे क्लॅम्प आवळताना पट्टीवर रबरी हातोडीने गोलाकार ठोके देतात आणि मग पुन्हा टॉर्क, म्हणजे बोल्ट पिळण्याचा जोर, तपासतात. नवशिक्या कामगाराला हे ठोके म्हणजे रूढी वाटते; एकदा गळका सांधा परत आला की पटते.

आज आपल्या रस्त्यांवरच्या ट्रकांच्या टर्बोचार्जरला एक्झॉस्टची नळी जिथे जोडलेली असते, तिथे बहुधा याच कुळातला क्लॅम्प असतो. अवकाशयानांत त्याचा उपयोग आणखी वेगळा आहे: उपग्रह प्रक्षेपकावर अशा पट्ट्याने बांधून ठेवतात, आणि योग्य क्षणी छोट्या स्फोटाने बोल्ट तोडला की पट्टा सुटतो आणि स्प्रिंग उपग्रहाला अलगद पुढे ढकलतात. आपल्या इस्रोच्या तांत्रिक लिखाणातही हा शब्द 'मर्मन बँड' अशा रूपात येतो. तो वापरणाऱ्या किती अभियंत्यांना यामागे मार्क्स बंधूंतला सेक्रेटरी आहे हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे. मला स्वतःला धंद्यात पंधरा वर्षे झाल्यावर कळले.

आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच सापडते. विमान कारखान्याच्या खरेदी विभागाने झेपोचा माल तो पडद्यावर दिसला म्हणून घेतला असेल, असे या धंद्यातला कोणीही मानणार नाही. प्रसिद्ध चेहऱ्यामुळे पहिली भेट मिळते. दुसऱ्या भेटीला नमुना लागतो, तिसऱ्या भेटीला गेज म्हणजे मापे तपासण्याचे साधन घेऊन तपासनीस येतो आणि त्याला तुमचा एकही विनोद ऐकायचा नसतो. माझ्याकडे एकदा एका वाहन कारखान्याचा तपासनीस आला होता. त्याने माझी एकांकिका पाहिलेली निघाली, चहा घेताना दोन संवादही म्हणून दाखवले, आणि नंतर कडेच्या जाडीत दोन दशांश मिलीमीटर फरक सापडला म्हणून साडेचारशे नग परत पाठवले. मला ते योग्यच वाटले. आपण विचारता तसे 'गांभीर्याने घेणे' हे माणसाच्या पूर्वायुष्यावरून कारखान्यात ठरत नाही.

झेपोचे सगळेच चालले असे नाही. युद्ध संपले, विमानांची मागणी कोसळली, आणि यंत्रे रिकामी राहू लागली तेव्हा मारमनने सायकलला बसवायचे छोटे दोन सिलिंडरचे इंजिन काढले. १९४८-४९ च्या सुमारास ते 'मारमन ट्विन' म्हणून विकले जात होते. रचना देखणी होती, पण बाजारात त्याआधीपासून व्हिझर नावाच्या एका सिलिंडरच्या इंजिनाने पाय रोवलेले होते, आणि मारमनचे इंजिन फार वर्षे टिकले नाही. रिकामे यंत्र पाहवत नाही म्हणून थेट ग्राहकाला विकायचा माल काढणे, ही चूक मी दोनदा केली आहे. एकदा बागेतल्या पाण्याच्या नळ्यांच्या क्लॅम्पची आणि एकदा गच्चीवरच्या पत्र्यांच्या हुकांची. कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे वर्कशॉप आणि दुकानात माल विकणारा धंदा यांत यंत्रे तीच असली तरी विक्री, उधारी, दुरुस्ती आणि जाहिरात हे सगळे वेगळे असते. क्लॅम्प टिकला, इंजिन गेले, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

पुढे त्याने कंपनी विकली आणि ती एअरोक्विप या मोठ्या कंपनीत सामावली गेली. एजन्सीही तोवर विकून झाली होती. पण डोके थांबले नव्हते. १९६९ मध्ये त्याला एका सहकाऱ्याबरोबर मनगटी घड्याळासारख्या उपकरणाचे पेटंट मिळाले, जे हृदयरोग्याच्या नाडीचा वेग मोजून तो बिघडल्यास इशारा देईल असे होते. आज बाजारात नाडी मोजणारी घड्याळे सर्रास मिळतात, म्हणून कल्पना साधी वाटते. त्या काळी इतक्या छोट्या जागेत ते बसवणे अवघड होते. ओलसर उष्णतेने शेक देणाऱ्या पॅडचेही पेटंट त्याच्या नावावर आहे. कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्जच्या परिसरात तो राहिला आणि ३० नोव्हेंबर १९७९ रोजी वारला. पाचही भावांत सर्वांत शेवटी. त्याची दुसरी पत्नी बार्बरा (ही स्टॅनविक नव्हे) हिने घटस्फोटानंतर गायक फ्रँक सिनात्रा यांच्याशी लग्न केले, आणि वर्तमानपत्री लिखाणात झेपोचा उल्लेख क्लॅम्पपेक्षा त्या निमित्तानेच अधिक येतो. असो.

आता आपल्यापुरते. झेपोच्या वाटेत मला दोन गोष्टी आपल्याशी जुळणाऱ्या आणि एक न जुळणारी दिसते. जुळणारी पहिली म्हणजे टप्पा. नट, मग नटांचा एजंट, मग कारखानदार अशी त्याची पावले पडली. मधल्या टप्प्यात त्याच्याकडे आधीच्या कामातली जाण आणि ओळखी होत्या, आणि पैसा व करार हाताळण्याची सवय तिथे झाली. आपण नऊ वर्षे कार्यक्रमांची मानधने, आगाऊ रकमा, रद्द झालेल्या तारखा सांभाळल्या आहेत. मावसभावाच्या वर्कशॉपमध्ये पहिले वर्ष आपण विक्री आणि वसुलीकडे बघावे, यंत्राकडे नाही. दुसरी म्हणजे, त्याचे गिऱ्हाईक आधी होते आणि माल नंतर आला. चाकणमध्ये आपल्यालाही ती सोय आहे. न जुळणारी गोष्ट अशी की झेपोला लहानपणापासून यंत्र कळत होते. आपल्याला कळते का, हे आपण लिहिलेले नाही. कळत नसेल तर भागीदारीच्या कागदावर सही करण्याआधी तीन महिने रोज आठ तास लेथ आणि प्रेसच्या शेजारी उभे राहा, चहा घ्या, टर्नर-फिटर काय बोलतात ते ऐका, नाकारलेला माल कोणत्या कारणाने परत येतो त्याची स्वतःच्या अक्षरात वही ठेवा.

पैशाबद्दल एक व्यावहारिक सूचना. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, पण प्रत्यक्षात नव्वद दिवसांची तयारी ठेवावी लागते, आणि कामगारांचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. कार्यक्रमाचे मानधन बहुधा त्याच रात्री किंवा आठवड्याभरात मिळते. तेव्हा गणपतीच्या आणि दिवाळीनंतरच्या ज्या तारखा आपण आधीच घेतल्या आहेत, त्या रद्द करू नका. पहिल्या तिमाहीचे पगार त्यांतून निघतील.